झोपाळ्याची डावी दोरी

उमाशंकर पोतनिसांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते ती आधी उजेडाकडे धरतात. पापड असो, लग्नाची पत्रिका असो, नाही तर नवा शर्ट. जावयाने दिवाळीला चांदीची वाटी आणली, तीही त्यांनी खिडकीशी नेऊन फिरवून पाहिली आणि तळाला बारीक ओरखडा असल्याचं सांगितलं. जावई भला माणूस, हसला. कमलताईंनी मात्र स्वयंपाकघरात जाऊन कपाळावर हात मारून घेतला.

यात माणसाचा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त. देवासच्या नोटांच्या छापखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणीत गेली. छापून आलेला कागदाचा ताव टेबलावर यायचा, त्यावर नोटांच्या रांगा असायच्या आणि उमाशंकरांनी भिंग घेऊन एकेक नोट बघायची. रेघ तुटली, शाई फुटली, आकडा सरकला की खूण करून ताव बाजूला. पोतनिसांचे पूर्वज देवास संस्थानच्या धाकट्या पातीचा खजिना सांभाळायचे, आता हा पठ्ठ्या नोटांच्या रेघा सांभाळत होता. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल दिली. त्यांनी ती उलटी करून विणीतला सुटलेला धागा दाखवला, आणि गंमत म्हणजे कुणालाच राग आला नाही, सगळ्यांना सवय होती.

सवय झाली नव्हती ती फक्त कमलताईंना. झाली नव्हती असं तरी कसं म्हणावं, संसार त्यांनी याच माणसाशी केला. पण एका बाबतीत त्यांना दरवर्षी तेवढंच लागायचं, आणि ती बाब म्हणजे चैत्रांगण.

चैत्रात गौर झोपाळ्यात बसते, तेव्हा दारापुढे गेरूने सारवून त्यावर रांगोळीची चित्रं काढतात. शंख, चक्र, कासव, मोर, तुळशीवृंदावन, गोपद्मं, फणी-करंडा, सवाष्णीची पावलं, आणि मधोमध गौरीचा झोपाळा. देवासला आता हे काढणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या आहेत. त्यात कमलताईंचं अंगण बघायला टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला निघालेली माणसंसुद्धा वाट वाकडी करून यायची. त्या ते शिकल्या धारच्या वन्संकडून, म्हणजे उमाशंकरांच्या मोठ्या बहिणीकडून. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना सबंध चैत्रभर धारला धाडलं होतं, खास यासाठी. वन्संचा नियम एकच. रेघ सुरू केली की हात उचलायचा नाही. चिमूट आधीच पुरेशी भरून घ्यायची, रेघ मनात शेवटपर्यंत ओढून बघायची आणि मगच हात खाली न्यायचा. मधे हात उचलला की वन्सं ओल्या फडक्याने सगळं चित्र पुसून टाकत आणि म्हणत, "आता पहिल्यापासून." त्या चैत्रात कमलताई किती रडल्या ते धारच्या त्या फरशीलाच माहीत. पण हात असा बसला, की पुढे वन्संनीही फडकं ठेवून दिलं.

तर असं सगळं अंगण काढून होई, कमलताई पाटावरून उठून कंबर सरळ करत, आणि उमाशंकर दारात येत. वाकून बघत. मग म्हणत, "शंखाचं तोंड जरा दबलंय," नाही तर, "ते शेवटचं गोपद्म तिरकं गेलंय." छान झालंय, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. कमलताई म्हणत, "नोटा नाहीत त्या, चालतील," आणि हात धुवायला आत जात.

गेल्या चैत्रात मुलगी स्वानंदी पुण्याहून आली होती. तिने चांगला कॅमेरा आणला होता. शिडी उभी करून तिने तो अगदी वरून खाली रोखून बांधला आणि आईचा सगळा कार्यक्रम, पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या रेघेपर्यंत, टिपून घेतला. फाइल बाबांच्या कॉम्प्युटरवर टाकून ती परत गेली.

पाऊस संपता संपता कमलताईंचा उजवा हात कापायला लागला. आधी बशीतला कप वाजायचा, मग सुईत दोरा जाईना. इंदूरच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि कंप कमी होईल पण जाणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर कमलताईंनी रांगोळीचा डबा कपाटावर सगळ्यांत वर ठेवून दिला. "पुढच्या चैत्रात अंगण नाही," एवढंच म्हणाल्या.

संक्रांत झाल्यावर एक दिवस कमलताईंनीच विषय काढला. "चैत्राच्या हळदीकुंकवाला मी यंदा डिस्क देणार."

"कसली डिस्क?"

"अंगणाची. स्वानंदीने काढलेली. काढता येत नाही, तर दाखवता तर येईल. प्रत्येकीला एकेक वाण. आणि पहिली धारला, वन्संना."

स्वानंदीने फोनवर समजूत घालून पाहिली. "आई, डिस्क आता कोण बघतं? मी लिंक करते, सगळ्यांना एका मिनिटात जाईल."

"वाण हातात द्यायचं असतं," कमलताई म्हणाल्या. "कुंकू लावायचं, ओटी भरायची आणि हातावर ठेवायचं. फॉरवर्ड केलेलं वाण तू कधी ऐकलंयस का?"

स्वानंदीने लिंकचा नाद सोडला. शिवाय कमलताईंच्या मैत्रिणींच्या घरी अजून टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर होता, मुलांच्या लग्नाच्या डिस्का बघायला घेतलेला, भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला. फोनवर त्यांना चित्र दिसायचं नाही, आणि रिमोटची बटणं मात्र पाठ होती.

तेव्हा उमाशंकर फाइल घेऊन अंशुल मोहित्याच्या स्टुडिओत गेले. अंशुलचे पूर्वज देवासच्या पवार राजांच्या पागेत खोगिरं शिवायचे, तो लग्नांचे व्हिडिओ शिवतो. शाळा हिंदीतून झाल्याने त्याचं मराठी मधूनच रूळ बदलतं, पण माणूस कामाचा पक्का आणि जिभेचा गोड. त्याने फाइल बघितली आणि शीळ घातली. "काका, क्या क्लॅरिटी आहे. रांगोळीचा एकेक कण दिसतोय." संध्याकाळपर्यंत त्याने डिस्क करून दिली.

घरी दोघं टीव्हीपुढे बसले. गेरूचा लाल रंग आला, कमलताईंचा हात आला, कासव सुरू झालं. आणि कासवाच्या पाठीवरच्या बारीक रेघा थरथरायला लागल्या. एक क्षण रेघ दिसे, एक क्षण नाहीशी होई, की पुन्हा दिसे. गोपद्मांची तर नुसती वळवळ. कमलताईंनी टीव्हीकडे बघितलं, मग मांडीवरच्या आपल्या हाताकडे बघितलं, आणि त्यावर दुसरा हात ठेवला.

"लोकांना वाटेल, तेव्हाच हात कापत होता," त्या म्हणाल्या. "नको. नाही द्यायची."

उमाशंकरांनी डिस्क बाहेर काढली. सवयीने उजेडाकडे धरली. तिच्यावर काही दिसलं नाही. पण त्यांच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. आयुष्यभर त्यांनी या बाईच्या रेघांत खोडी काढल्या होत्या, पण त्या रेघा कापतात असं ते कधी म्हणाले नव्हते, आणि आता एक यंत्र ते सगळ्या गावाला सांगायला निघालं होतं. हे होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं, या बाबतीत माणूस भलता चिवट आहे.

पहिली चूक त्यांनी तिथेच केली, आणि ती छापखान्यातल्या तपासनिसालाच सुचेल अशी होती. त्यांनी चांगल्यातल्या कोऱ्या डिस्कांचा गठ्ठा आणला, अंशुलला त्या सगळ्या हळू गतीने, सावकाश लिहून द्यायला सांगितल्या, आणि घरी भिंग घेऊन टीव्हीच्या काचेशी बसले. एकेक डिस्क लावायची, कासवाची पाठ बघायची, रेघ फुटलेली दिसली की डिस्कवर लाल फुली मारून ती बाजूला. फुल्यांचा ढीग वाढत गेला. अंशुल काही कामाने घरी आला आणि बघतच राहिला.

"काका, हे काय करताय?"

"एक तरी चांगली निघेल."

"नाही निघणार ना काका. सगळ्या सेम आहेत. एक फाइल आहे, तर कॉपी पण एकच येणार. हळू लिहा की जल्दी लिहा, चित्र तेच. तुमच्या तावासारखं नाही हे, की एक खराब आणि दुसरा बरा."

उमाशंकरांनी भिंग खाली ठेवलं. कमलताई दारातून म्हणाल्या, "ऐका त्याचं. आणि त्या फुल्या मारलेल्या डिस्का मला द्या, पेल्यांखाली ठेवायला होतील."

मग अंशुलने मूळ दुखणं समजावलं. कॅमेऱ्यातलं चित्र वीस लाख ठिपक्यांचं, साध्या डीव्हीडीतलं चार लाखांचं. म्हणजे पाच ठिपक्यांना एका ठिपक्याच्या जागेत कोंबायचं. जाड गोष्टी त्यात तगून जातात, माणसं, झाडं, लग्नातला हार. पण गेरूवरची रेघ एकदोन ठिपक्यांची, ती आजूबाजूच्या लालात विरघळते आणि उरते तीही टीव्हीवर नाचते. "शादीत कोणी रेघा बघत नाही काका, म्हणून आम्हाला कधी प्रॉब्लेमच आला नाही."

"मग कोंबू नको," उमाशंकर म्हणाले. "आहे तसं घाल."

अंशुलने दोन दिवस खटपट केली आणि खरंच आहे तसं घातलं. डिस्क साधीच, पण तिच्यावर चित्र लिहिण्याची पद्धत वेगळी, ब्लू-रेची. दुकानातल्या मशीनवर लावली तर काय ते कासव! रांगोळीच्या कणांची सावलीसुद्धा गेरूवर दिसत होती. उमाशंकरांनी भिंगाशिवाय बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी धुळीवर ढकललं. डिस्क छातीशी धरून ते घरी आले, प्लेयरमध्ये सरकवली, आणि प्लेयर हिरव्या अक्षरांत म्हणाला, आत डिस्कच नाही.

अशी पद्धत समजायला मशीनही त्याच जातीचं लागतं, हे अंशुलने सांगितलं होतं. आनंदात ते ऐकलं कुणी? तरी उमाशंकरांनी हार मानली नाही. डिस्क पिशवीत घालून ते कमलताईंच्या मैत्रिणींकडे घरोघर गेले. रुमाल उचलला गेला, डिस्क आत गेली, डिस्क बाहेर आली. एकीने चहा दिला, एकीने चिवडा, एकीने तर प्लेयर दुरुस्त करायला आलात का म्हणून मिक्सरही पुढे केला. ब्लू-रे कुणाकडेच नव्हता. घरी आल्यावर कमलताई म्हणाल्या, "म्हणजे आता वाणाबरोबर मशीनही वाटायचं?" त्या हसल्या. पण मग हळूच म्हणाल्या, "राहू द्या हो. नसलं नशिबात तर नसलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपल्या होत्या, तेव्हा उमाशंकर कॉम्प्युटरपाशी बसले आणि मूळ व्हिडिओ पहिल्यापासून बघायला लागले. दोष शोधायचा नाही, नुसतं बघायचं, असं त्यांच्या बाबतीत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

आणि त्यांना दिसलं ते असं. कमलताई एका कोपऱ्यात बसल्या. तिथे शंख काढला. मग पाट सरकवला, चक्र काढलं. पुन्हा पाट सरकवला. सगळं अंगण त्यांनी एकदाही बघितलं नाही. त्या बघत होत्या ते फक्त हाताखालचं, वीतभर. सगळं एकदम दिसलं ते शेवटी, उठल्यावर. उमाशंकर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी तरी तावावरच्या सगळ्या नोटा एकदम कधी बघितल्या होत्या? एक नोट भिंगाखाली, मग पुढची. ताव कितीही मोठा असो, भिंग तेवढंच पुरतं. सबंध अंगण एका चौकटीत बसवण्याचा हट्ट कुणाचा होता? शिडीवरच्या कॅमेऱ्याचा, आणि त्यांचा स्वतःचा.

कमलताई उठायच्या आत ते स्टुडिओत होते.

"अंशुल, चित्र लहान करूच नको. काप. तिचा हात जिथे आहे तेवढाच तुकडा घे, डीव्हीडीत मावेल एवढा, पण आहे त्या आकाराचा. ठिपक्याला ठिपका."

अंशुलने मान तिरकी करून विचार केला. "मतलब क्रॉप. हात जाईल तिथे तिथे फ्रेम घेऊन जायची." त्याने करून बघितलं. कासवाची पाठ टीव्हीभर पसरली, रेघ पांढरी, सलग, जागच्या जागी. मग अंशुलनेच त्यातली खोट काढली. "फ्रेम हाताबरोबर सरकवली ना, की रेघा परत नाचणार. सरकवायची नाही. एक चित्र पूर्ण होईपर्यंत तिथेच थांबायचं, मग एकदम दुसऱ्यावर. काकू पाट सरकवतात ना, तेव्हा कट."

"बरोबर," उमाशंकर म्हणाले, आणि कुणाला बरोबर म्हणायची त्यांना फारशी सवय नसल्याने अंशुल जरा चमकला.

काम वेळखाऊ होतं. लग्नांचा मोसम, दुकानात भैयाचं 'भिया, भिया' करत गिऱ्हाइकं येत, त्यातून सवड काढून दोघं बसत. अंशुल माऊस धरी, उमाशंकर स्टुलावरून सांगत, "आता वृंदावन. जरा खाली. थांब." शंख झाला, चक्र झालं, मोर झाला. एकेक चित्र पहिल्यांदाच एवढं मोठं बघताना उमाशंकरांना कळत होतं, की शंखाचं तोंड दबलेलं नव्हतं, ते तसंच काढायचं असतं. हे त्यांनी अंशुलला सांगितलं नाही.

शेवटी झोपाळा आला. पोतनिसांच्या घरची रीत अशी, की झोपाळा सगळ्यांत शेवटी काढायचा, सगळी मांडामांड झाली की मग गौर बसणार. कमलताईंनी पाट काढला, त्यावर गौर काढली, उजवी दोरी वरून खाली ओढली, ओळंबा लावावा तशी सरळ. मग डावी. निम्म्यावर आली आणि रेघ हलकेच लहरली. एकदा, पुन्हा एकदा, आणि मग सरळ होऊन खाली पोचली.

"मागे घे," उमाशंकर म्हणाले.

अंशुलने मागे घेतलं. दोघांनी पुन्हा पाहिलं. यात ठिपके कोंबलेले नव्हते, यंत्राचा काही संबंध नव्हता.

"काका, हे तर असली आहे," अंशुल हळू आवाजात म्हणाला. "हातच आहे." मग जरा थांबून, "एवढ्या सीनला आपण पूर्ण अंगण दाखवू, लहान करून. छोटं झालं की हे दिसणारच नाही. कोणाला पता नाही लागणार."

उपाय बिनचूक होता. ज्या खोटीशी उमाशंकर इतके दिवस झगडत होते, तीच आता मदतीला उभी होती. त्यांना तो मोह झाला, चांगलाच झाला. "आज राहू दे," असं म्हणून ते उठले.

घरी कमलताईंनी चहा पुढे ठेवला. आता त्या बशी देत नसत, नुसता कप देत. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"होत आलंय."

"कुठे चुकलंय?"

"कुठे नाही."

कमलताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "इतक्या वर्षांत तुम्ही 'कुठे नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही. सांगा."

उमाशंकर कपात बघत राहिले. "झोपाळ्याची दोरी."

"डावी," कमलताई म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली.

"मला माहीत आहे. हात तेव्हाच पहिल्यांदा कापला. वाटलं, उन्हाचं असेल, बसून बसून असेल. पण आतून कळलं होतं. कुणाला बोलले नाही. तुम्हाला दिसलं होतं की. उठल्यावर तुम्ही दारात आलात, वाकलात आणि म्हणालात, डावी दोरी हललीय."

ते खरं होतं. उमाशंकरांना तो क्षण आठवला, आपला आवाजही आठवला, जावयाच्या वाटीतला ओरखडा दाखवताना होता तसाच. चूक त्यांना अचूक दिसली होती, आणि त्या चुकीत बायको दिसली नव्हती. असा माणूस नोकरीत चांगला आणि घरात आंधळा, असं त्यांना वाटलं, आणि लाज वाटली. ते म्हणाले, "अंशुल म्हणतो झाकता येईल. तेवढंच लहान केलं तर दिसणार नाही. तू म्हणशील तसं."

कमलताईंनी कापणारा हात टेबलावर ठेवला, झाकला नाही. "आधी टीव्हीवर जी थरथर होती ती माझी नव्हती. ती मला नको होती. ही माझी आहे, ही राहू द्या."

"आक्काला दिसेल."

"दिसू दे की. त्यांनीच शिकवलंय."

चैत्र लागायच्या आधी दोघं इंदूरवरून बस बदलून धारला गेले. पहिलं वाण मोठ्यांना. वन्सं आता फार चालत नाहीत, पण कान आणि जीभ शाबूत. त्यांची नातसून देवश्री जवळच्याच तिरला गावच्या शाळेत शिकवते, ती नुकतीच घरी आली होती. कमलताईंनी कुंकू लावलं, ओटी भरली आणि वन्संच्या हातावर डिस्क ठेवली. वन्संनी ती उलटसुलट केली. पोतनिसांची मुलगी, ती उजेडाकडे धरल्याशिवाय राहते कशी?

"यात अंगण आहे?"

"हो, वन्सं."

देवश्रीने प्लेयरवरचा रुमाल उचलला, डिस्क आत सारली. जुना, जाड पाठीचा टीव्ही, पण चित्र आलं ते स्वच्छ. वन्सं खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या. शंख आला तसं त्या म्हणाल्या, "शंख." चक्र आल्यावर म्हणाल्या, "चक्र." देवश्री म्हणाली, "मामीआजी, कितना साफ दिसतंय. मला पण शिकता येईल याच्यावरून." वन्संनी तिला हाताने गप्प केलं. कासव झालं, मोर झाला, फणी-करंडा झाला. रेघा जागच्या जागी होत्या. उमाशंकर दाराजवळच्या स्टुलावर बसले होते.

झोपाळा आला. उजवी दोरी खाली आली. डावी सुरू झाली, लहरली, खाली पोचली.

"थांबव," वन्सं म्हणाल्या. "जरा मागे घे."

देवश्रीने मागे घेतलं आणि दोरी पुन्हा आली. वन्संनी चष्मा नाकावर वर सारला.

"इथे हात कापला तुझा."

"हो," कमलताई म्हणाल्या.

वन्संनी बोट काचेवर ठेवलं आणि दोरी वरपासून खालपर्यंत सावकाश गिरवली. त्यांचंही बोट आता स्थिर राहत नव्हतं. "कापला," त्या म्हणाल्या, "पण उचलला नाहीस."

"नाही, वन्सं."

"मी असते तर उचलला असता गं." एवढं म्हणून त्या मागे टेकल्या आणि पदराने डोळे टिपले. कमलताई खाली त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. वन्संनी तो कापणारा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

उमाशंकर उठले. टीव्हीपाशी गेले आणि सवयीप्रमाणे वाकले. चित्र तिथेच थांबलेलं होतं, काचेवर आक्काच्या बोटाचा पुसट ठसा होता. त्यांनी दोरी वरून खालपर्यंत पाहिली. आता हे काहीतरी खोट काढणार, म्हणून तिघी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"छान झालंय," ते म्हणाले.

कमलताईंना आपण नीट ऐकलं की नाही कळेना. "काय छान झालंय?"

"अंगण," उमाशंकर तसेच वाकलेले राहून म्हणाले. "आणि त्यातल्या त्यात ही डावी दोरी."